जोड

सोमवार, बुधवार, शुक्रवार. पहाटे साडेपाच.
यंग्सटाउन, ओहायो. बंद पोलाद कारखान्याच्या अलीकडे
आमचं डायलिसिस सेंटर, बारा खुर्च्या.
आधी वजन. किल्ल्या काढून ठेवा,
मिस्टर पेटवे, काठी माझ्याकडे द्या.
एकशे चार पूर्णांक दोन.
मिस्टर ह्रिंको, एक्क्याण्णव पूर्णांक सहा.
"ऐकलंत ना," ह्रिंको सगळ्या खोलीला सांगतात,
"दोघेही हेवीवेट."

सुया टोचल्या, नळ्या लाल झाल्या
की जोड लागते.

एका कोपऱ्यात रूफस टॉलिव्हर, सन अडतीस,
वय बावीस, कोळसा उतरवणाऱ्याचा पोर.
ह्रिंकोंच्या बापाने त्याला रेडिओवर पाहिलं.
होय, पाहिलं. ह्रिंको शब्द बदलत नाहीत.
दुसऱ्या कोपऱ्यात लिऑन मॅसिंगिल, सन एकाहत्तर,
त्याचंही वय बावीसच,
आणि त्याला पेटवेंनी पाहिलंय डाव्या कानाने:
सरावाला उभं राहायचे दहा डॉलर राउंडमागे, सहा आठवडे.
तेव्हापासून त्या कानात नुसतं पाणी.

पण कुणी कुणाच्या सालात जायचं?
रूफसला एकाहत्तरात आणायचं तर
"पोराला आधी सहा महिने जेवू घाला,"
हे खिडकीजवळून मिसेस फुस्को, विणकामातून मान वर न करता.
लिऑनला अडतीसात न्यायचं तर
त्याला गावातल्या हॉटेलात खोली मिळणार नाही,
रात्रभर गाडीत झोपून तो लढणार कसा?
हे पेटवे म्हणाले. मग बराच वेळ
फक्त पंप बोलत होते.

शेवटी ठरलं, ना तुझं साल ना माझं.
हातमोजे आठ औंसांचे, राउंड पंधरा.
पंच? दोघांचीही बोटं माझ्याकडे.
"हिला यातलं ओ की ठो कळत नाही. हिलाच करा."

"तुमचा लिऑन नुसता पळतोय."
"पळत नाही. तुमचा ठोसा पोचतो तेव्हा तो तिथे नसतो."
"बरगडीत बसू दे एक, मग कळेल कुठे असतो."
पाचवा राउंड मी लिऑनला दिला,
कारण पेटवेंनी सांगितलं होतं
की सरावात प्रत्येक घंटेआधी तो पुटपुटायचा, माफ करा हं, मिस्टर.
"याचे कुठे गुण असतात?" ह्रिंको भडकले.
त्यांचंही बरोबरच होतं.

सातव्यात पेटवे अर्धं वाक्य बोलले
आणि उरलेलं तसंच राहिलं.
मशीन केकाटलं. अठ्ठ्याहत्तरवर बेचाळीस.
खुर्ची आडवी, पाय वर, सलाइन दोनशे,
पाणी ओढणं बंद, मिस्टर पेटवे, माझ्याकडे बघा,
इकडे, माझ्याकडे.
ओठ राखेसारखे.
दहापर्यंत कुणीच मोजलं नाही.
सुई लावलेला हात हलवता येत नाही, म्हणून ह्रिंको
नुसत्या मानेने त्यांच्याकडे वळून राहिले.
मिसेस फुस्कोंच्या सुया थांबल्या.

चार मिनिटांनी डोळे उघडले.
"कितवा?"
"सातवा संपला. मधली विश्रांती चाललीय," ह्रिंको म्हणाले.
"दोघेही स्टुलावर बसलेत."
"ती एक मिनिटाचीच असते."
"आमच्या बापाच्या वेळी मोठी असायची."

निघताना पुन्हा वजन.
अंगातलं जादा पाणी गेल्यावर जो माणूस उरतो
त्याला आम्ही कोरडं वजन म्हणतो.
पेटवे आज त्याहून सातशे ग्रॅम जास्तच उरले.
मी तक्ता भरला: वेळ, दाब, सलाइन.
राउंडचा रकाना त्यात नाही.

दुपारी गाडीच्या काचेवरचं बर्फ खरवडताना आठवलं,
सातव्याचे गुण द्यायचे राहिले.
आणि ते दोघं, बावीस-बावीस वर्षांचे,
मानेवर टॉवेल, खांद्यांतून वाफा,
अजून तसेच स्टुलावर,
एकमेकांकडे बघत.
बुधवारपर्यंत घंटा नाही.